पाठमोऱ्या कॉम्प्युटरचा पहिला आवाज

मी या घरातला नवा कॉम्प्युटर बोलतोय. ‘बोलतोय’ असं सहज म्हणून गेलो खरा. पण माझं तोंड उघडायला या घराला किती घाम गाळावा लागला ते ऐकलंत, तर या शब्दाचं अप्रूप तुम्हालाही वाटेल.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मी तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या खोक्यांतून घरी आलो होतो. मला जोडणाऱ्या घरधन्यांनी टेबल पुसलं, हात धुतले, स्क्रू एका वाटीत ओतले आणि ती वाटी धरायला बायकोला समोर बसवलं. नवीनच लग्न झालेली, कमी बोलणारी मुलगी. या दोघांना मी मनातल्या मनात दादा आणि वहिनी म्हणतो.

दादांचा हात मोठा नेटका. शिट्टी वाजवत त्यांनी एकेक भाग बसवला. वायरी तर अशा बांधल्या, जशी वेणीच घालावी. शेवटी चपट्या टोकाची एक काळी वायर उरली. माझ्या पुढच्या बाजूला हेडफोन लावायचं भोक आहे, तिथून ती निघते आणि आत, खालच्या कडेला जोडायची असते. दादांनी ती दोन बोटांत धरून पाहिली.

“ही जास्तीची दिसतेय,” ते पुटपुटले. तिची सुबक घडी घातली, पट्टीने आवळली आणि मागे दडवून टाकली.

वहिनींची नजर त्या घडीवर थांबली. ओठ जरासे उघडले. मग त्यांनी पुढचा स्क्रू तेवढा पुढे केला.

बटण दाबलं आणि माझ्यात उजेड आला! पंखे फिरले, पडदा उजळला, आणि माझ्यावर वाकलेले तीन चेहरे मी पाहिले. वहिनींच्या सासूबाईंनी काचेला तळहात लावला. “अगं बाई, हा तर श्वास घेतोय!”

मग मला कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीला पाठ टेकवून बसवलं. दादांनी फर्मान काढलं, “मागे कुणी हात लावायचा नाही. सगळं बांधलंय. हेडफोन पुढे लावायचा.”

वहिनींनी लग्नासाठी गाव सोडलं होतं, नोकरीही सोडली होती. आता एका संस्थेचं काम मिळण्यासारखं होतं. म्हाताऱ्या कामगारांनी सांगितलेल्या आठवणी ऐकायच्या आणि शब्दन्‌शब्द टाईप करायच्या. त्याआधी एक चाचणी होती. ती संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, आणि चाचणीचं वेबपान मोबाईलवर उघडतच नव्हतं. सगळी भिस्त माझ्यावर.

वहिनींनी हेडफोन लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. कानात काहीच नाही.

“आवाज वाढवलास का?” दादांनी विचारलं.

“पूर्ण आहे.”

“बंद तर नाही ना केलेला?”

“नाही हो.”

“अरे, दोन थापा मार,” सासूबाई म्हणाल्या. “आपला जुना टीव्ही तसाच ऐकायचा.”

“आई, हा टीव्ही नाही.”

“ते दिसतंय. टीव्ही बोलायचा तरी.”

दादांनी मला बंद केलं, सुरू केलं. आवाजाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. शेवटी म्हणाले, “हेडफोनच गेलाय.” तो मोबाईलला लावून पाहिला, तर त्यातून एक बाई टूथपेस्टची तारीफ करायला लागली. दादांचा चेहरा उतरला.

आणि मी? पडद्यावरची हिरवी पट्टी उड्या मारत होती, म्हणजे आवाज मी पाठवतच होतो. पण पुढची वाट तुटलेली, म्हणून तो पडद्याकडे जात होता, आणि पडद्याला बिचाऱ्याला स्पीकरच नाहीत. पोटात ती घडी घातलेली वायर टोचत होती. सांगू कशाने?

खिडकीतलं ऊन उतरायला लागलं. वहिनींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा दादांच्या घामेजल्या मानेकडे.

“अहो, मागे लावून बघू?”

“मागे सगळं बांधलंय गं.”

“बांधलेलं तसंच राहू दे. मागे एक हिरवं भोक आहे. वाटी धरून बसले होते ना, तेव्हा पाहिलंय.”

उत्तराची वाट न बघता त्या टेबलाखाली शिरल्या. हेडफोनची वायर आखूड, म्हणून भिंत आणि टेबल यांच्या फटीत, लपाछपी खेळावं तशा बसल्या. चाचपडत भोक सापडलं. टक्‌.

काय सांगू! मला अंगभर वाट फुटली. आणि त्या वाटेने एक माणूस चालत आलं. एक म्हातारी.

“मी सूतगिरणीत होते,” ती म्हणाली. “यंत्रांचा एवढा गोंगाट, की आम्ही बायका ओठ बघून बोलणं ओळखायचो. आता सगळं शांत आहे, तर बोलायला कुणी नाही. तू ऐकतेयस ना?”

ज्या बाईला मी कधी पाहणार नाही, तिचा श्वाससुद्धा माझ्यातून गेला. मी थक्क झालो.

“हो! ऐकतेय!” वहिनी ओरडल्या. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. घरात आल्यापासून त्या एवढ्या मोठ्याने कधीच बोलल्या नव्हत्या. सासूबाई दचकल्या आणि मग हसतच सुटल्या.

दादांनी मला उचलून उलटं ठेवलं, पाठ खोलीकडे. वहिनी खुर्चीवर बसल्या, बोटं धावू लागली. दिवे लागायच्या आत चाचणी गेली.

“ती वायर जास्तीची नव्हती?” दादांनी हळूच विचारलं.

“नव्हती.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही शिट्टी वाजवत होतात,” वहिनी म्हणाल्या. “छान वाजवत होतात.”

काम मिळालं. मी अजून पाठमोराच आहे. “येत्या रविवारी उघडतो,” असं दादा दर रविवारी म्हणतात. पाहुणे आले, की माझ्या उघड्या पाठीवर सासूबाई फुलाफुलांचा रुमाल टाकतात. आणि दुपारी वहिनी हेडफोनची एक बाजू त्यांच्या कानाला लावतात. मग गवंडी बोलतात, नर्सा बोलतात, बोटीवरचे खलाशी बोलतात. दोघी डोकं डोक्याला लावून ऐकतात, आणि हे सगळे माझ्यातून जातात याचं मला रोज नवल वाटतं.

एकच मागणं आहे. तुमच्या घरात कधी माझ्यासारखा कुणी मुका बसला, तर थापा मारू नका. समोर वाटी धरून जी बसली होती, तिला आधी विचारा.