समुपदेशन खोलीतली कात्री

मी कात्री बोलतेय. लाल मुठीची, क्लातेन गावच्या शाळेतली. गोड बोलणं मला जमत नाही, आधीच सांगते.

वेनिंग बाईंनी मला आणलं ते रंगीत कागद कापायला. बाई शाळेच्या समुपदेशक. नुसतं समोर बसवलं की पोरं गप्प राहतात, हाताला काम दिलं की बोलतात, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच बोलायची हो! कागदाची फुलं कापता कापता कुणी बापाच्या माराचं सांगायचं, कुणी नापास व्हायच्या भीतीचं. बाई फक्त "हं, मग?" म्हणायच्या. त्या दिवसांत बाई घरी जाताना गुणगुणत जायच्या.

मुख्याध्यापक त्रियोनो सरांना हे कुठलं रुचायला! "फुलं कसली कापताय, बाई? पोरं तुम्हांला टरकली पाहिजेत. दुसऱ्या शाळांतले समुपदेशक बघा जरा!" झालं. बाईंना फाटकावर उभं केलं, उशिरा येणाऱ्यांना धरायला. बाई उभ्या राहिल्या. नोकरी कायम व्हायची होती ना!

तरी आठवीतला गालिह यायचा. त्याची आई हाँगकाँगला घरकामाला. "बाई, माझे केस लहानपणापासून आईच कापते. ईदला येणारे ती. तोवर कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं ठरवलंय मी." हे त्यानं फक्त बाईंना सांगितलं होतं.

"मी बोलते सरांशी," बाई म्हणाल्या. पण कसल्या बोलतायत!

रोज्यांच्या महिन्यातला शेवटचा सोमवार. दर सोमवारी असतं ते झेंडावंदन झालं आणि सरांनी लांब केसांची पोरं पुढे काढली. अशा पोरांचे केस मुद्दाम वेडेवाकडे कापायचे, म्हणजे झक मारत न्हाव्याकडे जातात, ही इथली रीत. सरांनी मला बाईंच्या हातात कोंबलं. "कापा! तपासणीचे साहेब आलेत, बघू द्या तुमचं काम."

गालिह हळूच म्हणाला, "बाई, तुम्हांला माहितीये ना?"

बाईंनी माझी पाती उघडली. अहो, टाका ना मला खाली! पण कात्रीचं कोण ऐकतं? कानावरचा अख्खा झुपका खाली पडला. सगळी शाळा खदाखदा हसली.

"उत्तम काम!" साहेब म्हणाले. "समाधानी आहात ना नोकरीत?"

"हो, सर," बाई म्हणाल्या.

बाई कायम झाल्या. खोलीत मात्र कुणी फिरकेना.

ईदनंतर गालिहची आई भेटायला आली, बिस्किटांचा डबा घेऊन. मागे गालिह, मान खाली घालून. "बाई, फोनवर सारखं तुमचंच कौतुक असायचं हो. तुम्ही होतात म्हणून मला तिकडे झोप लागायची. पण याचे केस कुणी भादरले? मी यायची होते ना! हात झडोत मेल्याचे! विचारलं तर हा तोंड उघडत नाही."

बाईंनी मला गुपचूप खणात सारलं.

"शाळेचा नियम आहे," त्या म्हणाल्या.

मी अजून त्याच खणात गंजतेय. एक विनवणी आहे. मला न्हाव्याला द्या, शिंप्याला द्या, कोंबड्या सोलणाऱ्याला दिलंत तरी चालेल. तिथे निदान कुठलं पोर विश्वासानं मनातलं सांगायला येणार नाही.