कावेरीअक्कांचं टपाल

मित्रांनो, मी एक जुना कंप्युटर आहे, आणि खरं सांगायचं तर फार दमलेला आहे. बोम्मसंद्र्यात गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी आलो शहाण्णव साली. तेव्हा काय तो थाट! अंगावर मखमली कव्हर, आणि माझ्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर. परदेशातल्या गिऱ्हाइकांचं टपाल मेलने आणायचं आणि न्यायचं, हे माझं काम.

मला चालवायच्या कावेरीअक्का. मूळच्या निपाणीच्या. शेडमध्ये कन्नड बोलायच्या, माझ्याशी मात्र मराठी. त्यांचे यजमान दयानंद मस्कतला नोकरीला. फोन परवडायचा नाही, म्हणून ते तिकडच्या ऑफिसातून मेलवर पत्र लिहायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी. अक्का दुपारी डबा उघडून ती वाचायच्या. नवं आलं नसलं तर जुनीच. मला ती पाठ झाली होती.

पंचाईत अशी, की माझा मेलचा प्रोग्राम सगळं टपाल एकाच फाईलमध्ये कोंबायचा. गिऱ्हाइकांची अवजड ड्रॉइंगं, बिलं, आणि त्यांच्या मधेमधे दयानंदांची चार ओळींची पत्रं. फाईल फुगत फुगत गेली. ती उघडताना माझा जीव घशाशी यायचा. अक्का बटण दाबून कॉफी पिऊन परत यायच्या, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच. काही शोधायला सांगितलं की मी गोठायचो. फ्लॉपीवर नक्कल ठेवावी, तर मावेना.

मालक अप्पासाहेब करवादायचे. "कावेरी, पुसून टाक गं सगळं! हा कारखाना आहे की तुझ्या नवऱ्याचं पोस्ट ऑफिस?"

"ड्रॉइंगं पुसते साहेब. त्यांची पत्रं नको," अक्का म्हणायच्या. आणि मग माझ्यावर राग. "मेल्या, हल की जरा!"

अठ्ठ्याण्णवची आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी जो तो आपापलं यंत्र घासूनपुसून लख्ख करतो. अक्कांना वाटलं, आपणही आपलं यंत्र आतून साफ करावं. त्यांनी जुनी ड्रॉइंगं पुसली आणि फाईल आवळून लहान करण्याचा हुकूम दिला. म्हणजे सगळं टपाल उपसून नव्याने रचायचं. मी धापा टाकत कामाला लागलो, आणि त्या रांगोळी काढायला शेडमध्ये गेल्या.

तेवढ्यात पूजेचं ताट आलं. पूजेला यंत्र निवांत हवं, ही तिथली रीत. फोरमन मल्लाप्पांनी भक्तिभावाने मेन स्विच खाली ओढला.

"अण्णा, थांबा! स्वल्प थांबा!" अक्का धावत आल्या. पण मी केव्हाच काळा पडलो होतो. मल्लाप्पांना बिचाऱ्यांना काही कळेना. ते माझ्या कपाळाला कुंकू लावत होते.

पुन्हा सुरू झालो, तेव्हा फाईल अर्धी उपसलेली, अर्धी मोडलेली. ती उघडेचना. अक्का कुंकवाने माखलेल्या माझ्या पडद्यासमोर बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी नवी कोरी फाईल उघडून मस्कतला कळवलं. उत्तर आलं, "अगं, असू दे. मी काय लिहिलं होतं ते मलाही आठवत नाही. तूच लिहून पाठव, मी वाचतो."

मग अक्का रोज दुपारी त्यांचीच पत्रं आठवून त्यांना लिहू लागल्या. पहिलं पत्र तर त्यांनी जसंच्या तसं उतरवलं: ऊन फार आहे, खोलीत चौघे आहोत, आमटी पातळ असते. शेवटी थोडं थांबून त्यांनी अजून एक ओळ लिहिली: तुझ्यावाचून करमत नाही.

मित्रांनो, आज मी गोदामात पडून आहे, कव्हर कुठे गेलं कोण जाणे. तुम्हाला एवढंच सांगतो, जिवाभावाचं टपाल ड्रॉइंगांच्या ढिगात ठेवू नका, वेगळं ठेवा. आणि धापा टाकणाऱ्या यंत्राचा स्विच पाडण्याआधी एकदा विचारा.

ती शेवटची ओळ दयानंदांनी कधीच लिहिली नव्हती. मला पत्रं पाठ होती, म्हणून सांगतो. मी ती मुकाट्याने मस्कतला पोचवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "हो गं. अगदी असंच लिहिलं होतं मी."