एकच पीस

उदगिरात माझ्याइतकं देखणं दुसरं कोणी नाही, असं मला यंदा पावसाळाभर वाटत होतं. फोनमधल्या फिल्टरनं तसं वाटायला लावलं आणि मीही फारसा विरोध केला नाही.

त्याआधी मी साधी वर्षाराणी होते. नवरा अमरेश मोंढ्यात आडत दुकानावर बसतो. मी घरबसल्या इरकल साड्या ऑनलाईन विकायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी सासूबाईंकडे समोरची खोली मागितली. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाईंचं नाव रुद्राणी, आणि समोरची खोली म्हणजे त्यांचं राज्य. दिवाणावर बसून त्या आल्या-गेल्याची उलटतपासणी घेतात.

"दिवाळीच्या पाडव्यापरेंत घे," त्या म्हणाल्या. "चाललं तर बघू. न्हाई चाललं तर माझा दिवाण माझ्या जाग्यावर."

दिवाण मागच्या खोलीत गेला, साड्या पुढे आल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात माझी म्हणावी अशी जागा कपाटातल्या खालच्या कप्प्यापुरतीच होती. म्हणून ती खोली मला हवी होती. साड्या हे निमित्त होतं म्हटलं तरी चालेल.

सुरुवातीला मी साड्या टेबलावर मांडून व्हिडिओ टाकले. बघणाऱ्यांत माझी बहीण आणि चुकून बोट लागलेला देगलूरचा कोणी ट्रॅक्टरवाला. मग लातूरला एका हॉटेलात सोशल मीडियावरून विक्री कशी वाढवायची याचं शिबिर होतं, तिथे गेले. शिकवणारे सर भर उकाड्यात कोट घालून आले होते. म्हणाले, "माल दाखवू नका, स्वतःला दाखवा. लोक माणूस बघून घेतात." बाकीच्या बायका वहीत लिहून घेत होत्या. मला लिहायची गरजच पडली नाही, इतकं ते मला पटलं.

लगेच हिरवीगार इरकल नेसून मी किल्ल्यावर गेले. लाल पदर वाऱ्यावर सोडला, बुरुजाला टेकले आणि जणू किल्ला मीच बांधलाय अशी लांब बघत राहिले. अमरेशनं व्हिडिओ काढला. ती रील अशी काही पळाली की रात्री फोन उशाशी गरम झाला. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. रोज नवी साडी, रोज नवी मान. रील झाली की साडीला इस्त्री करायची, नीट घडी घालायची आणि परत विकायच्या फळीवर. त्यात काही वावगं आहे का, हा प्रश्न मला पडलाच नाही. पडायला डोकं रिकामं हवं, ते लाईक मोजण्यात गुंतलेलं.

एका रंगाच्या दोन साड्या घ्यायची ऐपत नव्हती. पण सरांनी शिकवलं होतं, की उणं असेल तेच मिरवा. म्हणून मी प्रत्येक रीलखाली लिहायचे, 'एकच पीस. तुमच्यासारखी दुसरीकडे दिसणार नाही.'

हिरवी इरकल बिलोलीच्या मंजुश्री नावाच्या बाईनं घेतली. काही दिवसांनी तिचा फोटो आला. गावच्या देवीला तीच साडी नेसवलेली, कपाळाला मळवट, समोर नारळ. खाली लिहिलं होतं, 'ताई, देवी किती छान दिसायली बघा.' मला भरून आलं. गिऱ्हाइकाचे फोटो टाकत चला, असंही सर म्हणाले होतेच. मी एका चौकटीत डावीकडे किल्ल्यावरची मी आणि उजवीकडे देवी असा फोटो जोडला, वर लिहिलं, 'साडी तीच, शोभा दोन!' आणि टाकून दिला.

जळकोटच्या एका बाईनं विचारलं, "तीच म्हंजे अगदी तीच का?"

इथे तरी गप्प बसावं. मी ऐटीत उत्तर दिलं, "हो ताई, आमच्याकडे एकच पीस असतो."

चहा उकळेपर्यंत सगळं पेटलं. 'देवीला हिचं उतरलेलं कापड?' 'देवीच्या आधी नेसनारी ही कोन महाराणी?' मी पोस्ट काढून टाकली, तोवर तिचे स्क्रीनशॉट नांदेडपर्यंत पोचले होते. या बायांना काही कामधंदा नाही का, असा मला भयंकर राग आला. चार मिनिटं तर नेसले होते.

मग मंजुश्रीचा फोन आला. ती भांडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही, रडत होती.

"ताई, आमच्या मालकाचं हार्टचं आपरेशन नीट व्हावं म्हनून कोऱ्या साडीचा नवस बोलले होते. आता त्यो फिटला का न्हाई, मी कुनाला इचारू?"

राग गेला आणि त्या जागी लाज आली. मी साडी विकली नव्हती, तिच्या जिवाला घोर विकला होता.

आत्याबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी म्हटलं, "माफीचा व्हिडिओ टाकते."

"फोन ठिव," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल."

नुकत्याच आलेल्या, न उघडलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी स्वतःच्या हातानं एक हिरवी साडी काढली आणि आम्ही एसटीनं देगलूरमार्गे बिलोलीला गेलो. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "आरसा घरात होता की गं, किल्ल्यावर कशाला गेलीस?"

देऊळ लहान होतं. मंजुश्रीचे मालक कट्ट्यावर बसले होते, एक हात सवयीनं छातीवर. मी बोलायला तोंड उघडलं आणि सुचेना. रोज फोनपुढे तासन् तास बोलणारी बाई मी. शेवटी आत्याबाईंनीच साडी पुढे केली.

"सून माझी हाय," त्या म्हणाल्या. "चूक आमच्या घरची हाय. पदरात घ्या."

पुजारीणबाईंनी जुनी साडी उतरवून नवी नेसवली. मंजुश्रीनं डोळे पुसले. तिचे मालक म्हणाले, "एका नवसात देवीला दोन साड्या झाल्या. माझं काळीज आता शंभर वर्सं चालतंय." मग त्यांनी चहा पाजला.

घरी येऊन मी फिल्टर न लावता फोनसमोर बसले आणि झालं ते सगळं सांगितलं. नेसलेल्या साड्या विक्रीतून काढल्या. त्या दिवसापासून व्हिडिओत मी नाही. गठ्ठा सोडायचा, साडी घडीतच दाखवायची, आणि शेजारी आत्याबाई बसून सांगणार, "बगा बायानु, माझ्या म्होरं सोडली. कोरी हाय." मी मागे उभी राहून फोन धरते. गिऱ्हाइकं हळूहळू परतली. आत्याबाईंना रोज नमस्कार येतात, मला एकदाच निरोप आला. 'किल्ल्यावरची बाई कुठं गेली? लई हसायचो आमी तिला बघून.'

म्हणजे मी ज्याला कौतुक समजत होते, ते हसू होतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पाडव्याच्या सकाळी आंघोळ करून आत्याबाई समोरच्या खोलीत आल्या. मुदत संपली होती. मी साड्या खोक्यात भरायला घेतल्या.

"ही जांभळी राहू दे," त्या म्हणाल्या. "मला नेसायची हाय."

मी ती पिशवीत घालू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "आधी घडी तू मोड."

आमच्याकडे नवी साडी बाई एकदम अंगाला लावत नाही. आधी जवळच्या, जिच्यावर जीव आहे अशा बाईला नेसायला देते. त्याला घडी मोडणं म्हणतात. लेकीला देतात, बहिणीला देतात. आत्याबाईंच्या सगळ्या साड्यांची घडी आजवर माझ्या नणंदेनं मोडली होती.

"आत्याबाई, मी नेसलेली साडी तुमी नेसणार?"

"म्हनून तर देतेय. आन् ते खोकं रिकामं कर, दिवाण मागंच राहू दे. साड्या काय माझ्या डोक्यावर मांडनार हायस?"

रडताना मी फार वाईट दिसते. नाक लाल होतं, तोंड वाकडं होतं. त्या खोलीत आरसा होता आणि फोनही हाताशीच होता. मी कशातच बघितलं नाही. जांभळी साडी नेसून आत्याबाईंच्या पाया पडले.