आजार होऊ नये म्हणून

ज्यांची माणसं गावाला आहेत, अशा शहरातल्या प्रत्येक घराला हे काम ठाऊक आहे. गावाहून फोन येतो, “तिकडे मिळतं का बघ गं,” आणि मग मिक्सरचं भांडं नाहीतर गुडघ्याचा पट्टा शोधत आपण दुकानं पालथी घालतो. वर्तकनगरच्या दर्शनालाही ते अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे मुरबाडच्या पुढच्या गावातून धाकट्या दिराचा, राजरत्नचा फोन आला तेव्हा तिने भाजी निवडता निवडताच होकार दिला.

“वहिनी, गोळ्यांची एक बाटली हवीये. चिठ्ठीचा फोटो टाकलाय. माझ्या संपल्यात, आणि पंपांची कामं एवढी आलीत की मला निघताच येत नाही. शनिवारी येतो न्यायला.”

राजरत्न गावात पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दर्शना संध्याकाळी मेडिकलमध्ये गेली. दुकानदाराने फोटो बघितला, मग तिच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“पेशंट कोण तुमचा? एचआयव्हीचं औषध आहे हे.”

दर्शना काही न घेताच दुकानातून बाहेर पडली. घर जवळच, पण ती चुकीच्या गल्लीत शिरली आणि परत फिरली.

राजरत्नने लग्नाला नकार दिला, तेव्हा फक्त तिलाच खरं सांगितलं होतं. “मला पुरुष आवडतात, वहिनी. कुठल्या मुलीचं आयुष्य कशाला खराब करू?” तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि विषय तिथेच मिटवला होता. त्यापुढे कधी काही विचारलं नाही. आता तिला कळेना, आधी काय विचारायचं? महेंद्रला, नवऱ्याला सांगायचं की नाही? राजरत्न वाचेल का? आणि मागच्या महिन्यात तो लेकीच्या, शालूच्याच ताटात जेवला होता!

शनिवारी राजरत्न आला. पाच वर्षांची शालू “काका!” म्हणत धावली, तशी दर्शनाने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. चहा आला तो कागदी कपात.

राजरत्नने कप हातात धरून ठेवला. “पाहुणा झालो काय गं मी?”

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने शालूला शेजारी खेळायला पाठवलं. “राजू, तुला कधी झालं रे हे? आम्हाला का नाही सांगितलंस?”

“काय झालं?”

“एचआयव्ही.”

तो हसायला लागला, आणि मग त्याची नजर कपावर गेली. हसू थांबलं. “मला काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून घेतो मी ती गोळी.”

“मग ते आजाराचं औषध का म्हणाले? आजार नाही तर औषध कशाला?”

“मी सांगून तुला पटणार नाही. चल, मला चिठ्ठी देणाऱ्या कल्याणच्या डॉक्टरांकडेच जाऊ.”

त्याच्या बाईकवर मागे बसून ती कल्याणला निघाली. वाटेत बाळकुमच्या ट्रॅफिकमध्ये दोघं बराच वेळ अडकले, आणि तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. तो खोटं बोलत असेल तर? आणि खरं बोलत असेल तर आपण त्याच्याशी कसे वागलो?

डॉ. मेघनांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. “तुमचा गोंधळ साहजिक आहे. यातलं औषध उपचारातही वापरतात, म्हणून दुकानदारही फसतात. पण या गोळीला प्रेप म्हणतात. आजार नसलेल्या माणसाने, तो होऊ नये म्हणून घ्यायची गोळी. सुरू करण्याआधी तपासणी, मग रोज गोळी आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. इतर गुप्तरोगांपासून मात्र ती वाचवत नाही, त्यासाठी कंडोम हवाच.”

“मग गावात का नाही मिळत?” दर्शनाने विचारलं.

उत्तर राजरत्नने दिलं. “गावात मागायची कोणाकडे, वहिनी? तिथल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, चांगल्या घरचा दिसतोस, असले धंदे कशाला? मेडिकलवाला दादाच्या वर्गातला. सकाळी मागितली तर दुपारी आईच्या कानावर. माझा एक मित्र लाजेपायी कल्याणलाही आला नाही. आता तो उपचाराच्या गोळ्या घेतोय.”

गोळ्यांत खंड पडल्यामुळे डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला घेतलं. दर्शना बाकावर वाट बघत बसली. रिपोर्ट आला. निगेटिव्ह!

“सुटले गं बाई!” ती मोठ्याने म्हणाली. “घाबरले होते नुसती.”

“आणि असता तर?” डॉक्टरांनी शांतपणे विचारलं. “एका ताटात जेवून, एका कपातून चहा पिऊन एचआयव्ही होत नाही. लेकराला जवळ घेऊनही होत नाही. मग त्याला आजार असता, तरी कागदी कप देऊन तुम्ही कोणाला वाचवत होतात?”

गोळ्यांची बाटली घेऊन बाहेर आल्यावर दर्शनाने राजरत्नचा हात धरला. “चुकलं रे माझं. तू आजारी नव्हतास म्हणून नाही. असतास तरी चुकलंच असतं!”

राजरत्नने मान हलवली. तो लगेच हसला नाही, पण हातही सोडवून घेतला नाही.

त्या संध्याकाळी दर्शनाने त्याला विचारून महेंद्रला सगळं सांगितलं. महेंद्र ते ऐकून भावाला एवढंच म्हणाला, “जेवून जा.” त्या घरात एवढं बोलणंही पुष्कळ होतं.

काही आठवड्यांनी दर्शनाला अनोळखी नंबरवरून फोन आला. शहापूरकडचा कोणीतरी चाचरत बोलत होता. “ताई, राजरत्नने नंबर दिला. ती गोळी... म्हणजे मला आजार नाहीये हां, पण...”

“माहितीये मला,” दर्शना म्हणाली. “मलाही सगळं कळतं असं नाही, दादा. पण डॉक्टर चांगल्या आहेत. आधी तपासणी करून घ्या. एकट्याला नको वाटत असेल तर मी येते सोबत.”

वाचकहो, औषध शहरात असून भागत नाही. आपल्या कुजबुजीला घाबरून माणूस तिथवर पोहोचतच नसेल, तर त्या औषधाचा उपयोग काय? आपल्याला कळत नसेल तर विचारावं. पण न कळलेल्या गोष्टीची शिक्षा आपल्याच माणसाला देऊ नये!