मोटारीचं भारी तेल

बाबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या मोटारी चालवल्या, पण तेलाच्या बाबतीत कुणाचं ऐकलं नाही. मालकांनी विचारायचं आणि बाबांनी सांगायचं, अशीच रीत होती. निवृत्त झाले आणि विचारणारं कुणी उरलं नाही. बायको विचारायची, पण तेही 'अजून आंघोळ का नाही झाली' असलं काहीतरी.

लेकीनं, म्हणजे घरच्या ठकीनं, मोटारसायकल घेतली तीही त्यांना न विचारता. बाबा तसे दोन चाकांना वाहनच मानत नसत. "जिला उभं राहायला टेकू लागतो, ती कसली गाडी!" असं म्हणून त्यांनी तिच्यावर एकदाही पाय टाकला नव्हता. मात्र ठकी बसनं कामाला गेली की फडकं घेऊन गाडीची टाकी चकचकीत पुसायचे.

अशात एका दुचाकी शिकवणाऱ्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आणि ठकी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचली. मागे माणूस बसवून पाण्याच्या टाकीमागचा चढ न थांबता चढून दाखवायचा होता. ही नोकरी तिला इतकी हवी होती, की झोपेतही तिची डाव्या हाताची बोटं क्लच दाबतात, असं आई सांगायची.

बाबांना राहवेना. परीक्षेच्या आदल्या दुपारी ठकी बसनं कामाला गेलेली बघून त्यांनी मोटारसायकलचं जुनं तेल काढलं आणि दुकानातलं मोटारीचं सगळ्यात भारी तेल ओतलं. डब्यावरचा दाटपणाचा आकडा जुन्या तेलाशी जुळवूनही पाहिला. बोलले मात्र कुणाशीच नाहीत. लेक चढ चढून येईल, म्हणेल, "बाबा, गाडी आज काय छान पळाली!" आणि मग आपण सावकाश सांगू, असा बेत.

परीक्षा संध्याकाळी होती. सकाळी ठकी आईला मागे बसवून त्याच चढावर सरावाला निघाली. बाबा चढाखाली उभे. गाडीनं अर्ध्या चढापर्यंत कशीबशी मजल मारली आणि मग नुसतीच बोंबलायला लागली. इंजिनाचा आवाज आभाळाला भिडला, चाक मात्र जागचं हलेना. ठकीनं पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"वजनाचा परिणाम असेल," बाबा घाईघाईनं म्हणाले.

आई टुणकन खाली उतरली. "माझं वजन काढता? परीक्षेला तुम्हीच बसा मागे. मी काही आता या गाडीवर बसत नाही!"

आणि तरातरा घरी निघून गेली.

ठकी हसली नाही. चढाच्या कडेला बसून स्वतःचा डावा हात पाहत राहिली. "माझ्या हातातच दोष आहे, बाबा. क्लच सोडायचाच मला कळत नाही. मी दुसऱ्यांना काय शिकवणार? नाही जमणार म्हणून फोन करून टाकते."

खाई त्याला खवखवे. क्लच कसा घसरतो, हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. कालपर्यंत न घसरणारा आज घसरला, तो कशानं, हेही त्यांना आत कुठंतरी कळून चुकलं. गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. तेलातलं कळणारा माणूस ही एवढीच काय ती पत शिल्लक होती, तीही जाणार. पण ठकीनं फोन काढला आणि बाबांचं तोंड आपोआप उघडलं.

"हाताचा दोष नाही गं. तेल मी बदललंय. काल. मोटारीचं घातलं, सगळ्यात भारी."

ठकीनं फोन परत खिशात टाकला. "बाबा! अहो, मोटारीचा क्लच कोरडा. हिचा इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीच्या भारी तेलात घर्षण कमी करणारं काहीबाही मिसळलेलं असतं, त्यानं तो गुळगुळीत झाला, पकडणार कसा?"

"आकडा तर तोच होता," बाबा पुटपुटले.

"आकडा तोच, पण तेल मोटारीचं!" ती ओरडली, आणि मग एकदम हसतच सुटली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "म्हणजे माझा हात चांगला आहे! बाबा, माझा हात चांगला आहे!"

लेक चिडेल, असं बाबांना वाटलं होतं. ती तर त्यांच्या गळ्यातच पडली, आणि बाबांना इतकं हलकं वाटलं की तेही हसायला लागले.

मग दोघं कामाला लागली. ओल्या क्लचला चालणारं मोटारसायकलचं तेल ठकीनं निवडलं, बाबांनी नुसती पिशवी धरली. जुनं काढलं, नवं घातलं, क्लच धुऊन निघावा म्हणून गाडी थोडी फिरवली, तेही काढून पुन्हा ताजं भरलं. कोपरापर्यंत काळे झालेले बापलेक बघून आईचा राग पळाला. शब्द मात्र तिनं मागे घेतला नाही.

त्यामुळे संध्याकाळी बाबांनाच मागे बसावं लागलं. चढाच्या माथ्यावर शाळेच्या बाई उभ्या होत्या. ठकीनं क्लच सोडला आणि गाडीनं असा चढ धरला, की बाबांचा उजवा पाय सवयीनं ब्रेक शोधू लागला. तिथं ब्रेक नव्हता. अर्ध्या चढावर पाय शोधायचा थांबला. माथ्यावर पोचताच बाबा इतक्या जोरात "वा!" म्हणाले, की बाईही दचकल्या.

"सोमवारपासून या," बाई हसून ठकीला म्हणाल्या.

चढ उतरून खाली येताना ठकीनं मान वळवली. "बाबा, शाळेत बऱ्याच गाड्या आहेत. कुठलीत कुठलं तेल घालावं, सांगाल ना मला?"

विचारलं! बाबांची छाती फुगली, उत्तर पार ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

"सांगतो," ते म्हणाले, "पण आधी कुणाला तरी विचारतो."