गुडघ्यांचं माप

आमच्या तळ्याकाठी घर बांधायचं तर आधी सायप्रस झाडांचे गुडघे मोजतात. गुडघे म्हणजे झाडाच्या मुळांतून पाण्याबाहेर डोकावणारे खुंट. पुराचं पाणी जिथवर चढतं तिथवरच ते वाढतात, असं आमचे आजोबा सांगायचे, आणि आम्ही सगळे त्यावर डोळे झाकून विसंबायचो. ओविदच्या घराचं माप मी घेतलं होतं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून सात झाडं मोजली आणि सगळ्यांत उंच गुडघ्याच्या वर दोन विती घराची जमीन घ्यायला सांगितलं. ओविद माझा पाठचा भाऊ. त्याच्या घरासाठी मी कसूर कशी करीन?

पुढच्या वर्षी वर नदीला बांध झाला. दोन वर्षं काही जाणवलं नाही. या वसंतात मात्र पाऊस नसतानाही बांधातून सोडलेलं पाणी चढू लागलं. काठची झुडपं शेंड्यापर्यंत बुडाली. टुपेलो झाडांच्या फांद्यांवर साप वेटोळी घालून बसले. हिरवी शेवाळं पायऱ्यांखालून सरकत गेली तरी बेडकांचं हूं की चूं नाही. रविवारी प्रार्थनेहून परत येताना मी घराजवळचे गुडघे मोजले. दुपारपर्यंत त्यांतले नऊ दिसेनासे झाले.

ओविदची बायको अझेली नऊ महिने भरून बसलेली. मी नाव घेऊन तशीच त्याच्या पायरीशी गेले. तो व्हरांड्यात जाळं दुरुस्त करत होता.

मी सांगितलं, गुडघे जुन्या पाण्याचे आहेत, बांधानंतरचं पाणी त्यांना ठाऊक नाही. तो हसला. म्हणाला, एवढी वर्षं चिखलात उभ्या असलेल्या गुडघ्यांना तू शिकवणार काय? मी रागावले, विनवलं, अझेलीच्या पोटाकडे बोट दाखवलं. तो जागचा हलेना.

"ताई, माप तुझं आहे," तो म्हणाला. "तू मोजलंस म्हणून तर मी इथे निवांत झोपतो."

पाणी वरून दुसऱ्या पायरीवर आलं होतं. मग माझं डोकं फिरलं.

"मी सात झाडं मोजलीच नाहीत, ओविद. दोन मोजली, थंडी वाजली, वर आले. बाकीचं ठोकून दिलं."

त्याच्या हातातलं जाळं खाली पडलं. त्याने एकदाही आवाज चढवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. अझेलीला धरून त्याने माझ्या नावेत बसवलं, तिच्या अंगावर शाल घातली. मी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"तिला ने. तुझ्या नावेत मी पाय ठेवणार नाही. माझी होडी आहे." एवढं बोलून त्याने पायाने आमची नाव ढकलली.

मी मागे फिरायला हवं होतं. पण अझेलीला कळा सुरू झाल्या होत्या, आणि झाडांमधून पाण्याची ओढ अशी लागली होती की वल्ही धरणं हेच काम होतं. वाटेत एकही गुडघा दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी घराचं छप्पर दोन बुंध्यांमध्ये अडकलेलं सापडलं. ओविदची होडी छपरापासून लांब उलटी पडली होती. ओविद आणखी दोन दिवसांनी मिळाला.

मुलगी चांगली आहे, बापाची हनुवटी घेऊन आलीय. अझेली माझ्याशी बोलते, पण गरजेपुरतं. परवा तिने मुलीला निजवता निजवता विचारलं, "वन्सं, तुम्ही खरंच दोनच झाडं मोजली होती?"

खरं सांगितलं तर तिला कळेल, की तिचा नवरा माझ्या एका खोट्यावर रुसून मागे राहिला.

"हो," मी म्हटलं. "दोनच."