डबा उघडण्याआधी

लहान मूल शाळेतून काय शिकून येईल, याचा नेम नसतो. एखादं गाणं आणतं, एखादी शिवी आणतं. धंतोलीतल्या सुभद्राची चार वर्षांची मुक्ता मात्र त्या सोमवारी वेगळंच काही घेऊन आली. जेवणाचं ताट पुढे आलं तशी ती गुडघे टेकून बसली, डोळे मिटले आणि हाताची बोटं एकमेकांत गुंफली.

"हे काय गं?"

"यमुबाई असंच करतात."

यमुबाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या यमुताई सोनवणे. मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या ओसरीवर बालवर्ग काढला होता. आठ मुलं होती. एकट्या बाईला तेवढाच आधार, आणि तेवढाच दिवसभराचा गलका. त्या ख्रिस्ती आहेत हे सुभद्राला ठाऊक होतं. बी. ए. झालेली ती, त्यात गैर काय, असं स्वतःच चारचौघींत म्हणायची. पण आज त्या चारचौघींतली ती उरली नाही. माझ्या पोरीला बाटवतात की काय! एवढा एकच विचार मनात राहिला.

यमुताईंना जाऊन विचारावं, हे सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी मुक्ताला घरी ठेवलं आणि सकाळी नळावर बादली भरताना शेजारणींना सांगितलं, "बघा हं, आपली मुलं लहान आहेत. तिथं येशूची प्रार्थना करायला लावतात." बोलताना आवाज आपोआपच खाली आला. खालच्या आवाजात सांगितलेलं जास्त खरं वाटतं ना!

शुक्रवारपर्यंत बालवर्गात एकच मूल उरलं. गिरणीत काम करणाऱ्या इंदूबाईंचा नातू.

शनिवारी त्या इंदूबाई गिरणीतून परस्पर सुभद्राच्या दारात आल्या. छप्पन सालच्या बौद्ध दीक्षेला कडेवर पोर घेऊन गेलेली ही बाई. बोलायला कुणाला भ्यायची नाही.

"काय वं बाई, तुमीच सांगून राहिल्या म्हणे, यमुताई पोरायले बाटवते म्हणून?"

"अहो, मुक्ता घरी गुडघे टेकून..."

"मंग? माह्या नातवाले 'बुद्धं सरणं' पुरं म्हणता येत नव्हतं. आमच्या घरात कोणाले फुरसत? तिनं मले बोलावून माह्या तोंडून ऐकलं, अन् त्याच्याकडून पाठ करून घेतलं. बाटवाचं असतं तं हे काहून केलं असतं? डबा उघडाच्या आंधी ज्यानं त्यानं आपल्या घरचं म्हणाचं, असा नेम हाय तिथं. तो भालदारपुऱ्यातला पोरगा बिस्मिल्ला म्हणे. तुमी शिकल्यासवरल्या, जरा इचारून तं पाहाचं होतं!"

इंदूबाई पदर झटकून गेल्या. सुभद्रा मुक्ताजवळ बसली.

"तू काय म्हणायचीस गं डब्याच्या आधी?"

"काहीच नाही. बाईंनी विचारलं, तुझ्या घरी जेवताना काय म्हणतात? मी सांगितलं, 'लवकर आटप' म्हणतात."

"मग?"

"त्या खूप हसल्या. म्हणाल्या, आईला विचारून ये. मी विसरले. मग मी त्यांच्यासारखे नुसते डोळे मिटले."

सुभद्राचा चेहरा कानापर्यंत तापला. घरात पोरीच्या ओठावर आपण काही ठेवलं नाही, आणि चोर ठरवलं दुसऱ्याला!

ती तशीच यमुताईंकडे गेली. त्या ओसरीवर मटार सोलत बसल्या होत्या. सुभद्राने अडखळत सगळं कबूल केलं. यमुताई शेंगा सोलत ऐकत राहिल्या.

"मला कळलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "रागही आला. आमच्या रोजच्या प्रार्थनेत एक मागणं असतं. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. चार दिवस मी तिथंच अडकतेय. तुमचं नाव डोळ्यांपुढे येतं आणि तोंडातून शब्द निघत नाही."

"तुम्ही मुलांना काही शिकवलं नव्हतंत..."

"थांबा. मी माझा विश्वास लपवत नाही. देव एकच आहे, तो बापासारखा आहे आणि येशू त्याचा पुत्र, हे मी मानते. तुमचं माझं सगळं सारखंच, असं गोड बोलणार नाही. मी मूर्तीपुढे हात जोडत नाही. पण आमचा धर्म असंही सांगतो, की देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं. मग तुमच्या मुक्तात काय, त्या इंदूबाईच्या नातवात काय, त्याचीच खूण नाही का? त्या खुणेचा मान मोडून मी देवाचा मान कसा राखणार? विश्वास आतून उगवावा लागतो. लहान लेकराच्या तोंडात कोंबायचा तो पदार्थ नव्हे!"

"मला माफ करा, यमुताई."

"मला एकटीला सांगून काय होणार? जिथं बोललात, तिथं बोला."

रविवारी सकाळी नळावर सगळ्या जमल्या होत्या. या वेळी सुभद्राने आवाज खाली केला नाही. "मी यमुताईंबद्दल सांगितलं ते खोटं होतं. न विचारता, नुसत्या भीतीनं सांगितलं." कुणी बादली सरकवली. एकजण फणकाऱ्याने म्हणाली, "आता काय उपयोग? आम्ही दुसरीकडे नाव घातलं!"

सोमवारी मुक्ता परत बालवर्गात गेली. आणखी तीन मुलं आली. उरलेली तीन कधीच आली नाहीत. त्या तिघांची नावं सुभद्राला आजही तोंडपाठ आहेत.

वाचकहो, शेजाऱ्याचा देव आपल्याला पटलाच पाहिजे, अशी सक्ती कुणावरच नाही. पण तो डोळे मिटून बसला असेल, तर काय मागतो आहे ते त्यालाच विचारावं. नळावर विचारू नये. आपण उठवलेला संशय आपण माफी मागितल्यावर आपल्या मनातून जातो. लोकांच्या घरांतून तो परत आणता येत नाही.